पंधरा मिनिटांतलं 'आपण'

बुधवारी रात्री पावणेनऊला मी खोलीवर पोचते. पुण्यात भाड्याची खोली, दोन बर्नरची शेगडी, एक लोखंडी कढई, तीन लिटरचा कुकर. पीठ मळायचं नुसतं मनात आलं तरी हात दुखायला लागतात. मग फोन तेलाच्या बाटलीला टेकवून उभा करते आणि शोधते: बीफ नूडल्स, पंधरा मिनिटं.

गेल्या वर्षभरात अशा पन्नासेक कृती मी पाहिल्या असतील. काही इंग्रजीत, काही हिंदीत, काही मल्याळममध्ये, ज्यातलं मला फक्त कढईचं भाषांतर कळतं. पाहता पाहता लक्षात आलं की हा एक लेखनप्रकारच आहे. कादंबरीला असतात तसे त्याला संकेत आहेत, ठरलेली सुरुवात आहे, ठरलेला शेवट आहे, आणि काही गोष्टी सांगायच्याच नाहीत असा अलिखित नियमही आहे. आपल्याकडे कवितेची समीक्षा होते, सिनेमाची होते, आता वेब सिरीजचीही होते. पण रोज रात्री ज्याच्यावर लाखो लोक विसंबून असतात, त्या 'झटपट रेसिपी'ची कुणी समीक्षा करत नाही. म्हणून हा लेख.

१. घड्याळ कुठून सुरू होतं?

या प्रकाराची सुरुवात नेहमी घड्याळाने होते. पडद्यावर आकडा येतो, पंधरा मिनिटं किंवा वीस. पुढच्या क्षणी एका काचेच्या वाडग्यात मांसाच्या पातळ, एकसारख्या चकत्या दिसतात. सोया सॉस, आलं, लसूण, चिमूटभर साखर, चमचाभर कॉर्नफ्लोअर. दुसरीकडे नूडल्स उकळतात. कढई तापते, धूर येतो, मांस पडतं, नूडल्स पडतात, वरून कांद्याची पात. संपलं.

आधी श्रेय देऊ या. या कृतींनी मला खरोखर काही शिकवलं. मांस अर्धवट गोठलेलं असताना कापलं तर पातळ चकत्या होतात. धाग्याला आडवं कापलं तर चावायला सोपं जातं. पाव किलोला पाव चमचा खायचा सोडा लावून वीस मिनिटं ठेवलं आणि मग धुऊन घेतलं तर चिवटपणा कमी होतो. कढईत एकदम सगळं ओतलं तर पाणी सुटतं आणि मांस भाजण्याऐवजी शिजतं, म्हणून थोडं थोडं टाकायचं. हे ज्ञान खरं आहे आणि फुकट वाटलं जातंय, ही लहान गोष्ट नाही.

पण घड्याळ खोटं आहे. त्या चकत्या कुणी कापल्या, मांस कुठून आणलं, किती लांबून आणलं, पिशवी कशी आणली, हे सगळं आकडा सुरू होण्याआधीच घडून गेलेलं असतं. शिवाय त्या कृतींमधले 'सरलॉइन' किंवा 'फ्लँक' माझ्या दुकानात मिळत नाहीत. आपल्याकडे दुकानदार ज्याला बीफ म्हणतो ते म्हशीचं किंवा रेड्याचं मांस. गावाकडच्या भाषेत 'मोठ्याचं'. बहुतेक वेळा ते दुधातून किंवा कामातून सुटलेल्या, वय झालेल्या जनावराचं असतं. त्याची पंधरा मिनिटांत चप्पल होते. 'अंडरकट' म्हणून एक मऊ तुकडा मिळतो, पण तो जनावरात थोडा, गिऱ्हाइकांत जास्त मागणीचा आणि महाग.

म्हणून माझा खरा हिशोब असा आहे. रविवारी एक किलो तुकडे, आलं-लसूण, हळद, मीठ, दोन कांदे, कुकरला पहिली शिट्टी झाल्यावर मंद आचेवर चाळीस मिनिटं. थंड झालं की रश्श्यासकट चार डब्यांत, डबे फ्रीजरमध्ये. बुधवारी डबा बाहेर काढायचा, रस्सा गरम करायचा, नूडल्स टाकायच्या. मग ती पंधरा मिनिटं खरी होतात. पण ती रविवारच्या दीड तासाकडून घेतलेली उचल असते. रविवार नसेल तर खिमा. तो मात्र वीस-पंचवीस मिनिटांत खरंच शिजतो.

'झटपट' असं काही नसतंच. कुणीतरी आधी वेळ दिलेला असतो. चांगली कृती ते कबूल करते, वाईट कृती ते लपवते. या प्रकाराची समीक्षा करताना माझा पहिला निकष हाच आहे.

२. 'घालावा' आणि 'घालून घेऊया'

दुसरा निकष भाषेचा.

जुन्या मराठी पाकपुस्तकांची भाषा आठवा. कांदा चिरावा, फोडणी करावी, झाकण ठेवावे. या वाक्यांत कर्ता नाही. कोण चिरतंय? गृहिणी, अर्थातच. सांगायची गरज नाही. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि त्याने ग्रॅमऐवजी वाटी-चमच्याचं माप घराघरांत रुजवलं. हा मोठा लोकशाही बदल होता. वजनकाटा नसलेल्या स्वयंपाकघराला त्याने पुस्तक दिलं. लग्न होऊन परगावी गेलेल्या कितीतरी मुलींची ती सासर-माहेरच्या मधली वही होती.

आता मोबाइलवरची भाषा ऐका. 'तर आता आपण कांदा घालून घेऊया.' 'आपण गॅस बारीक करून घेणार आहोत.' विध्यर्थ गेला, 'आपण' आलं. बोलणारी बाई माझ्याशेजारी उभी आहे, तिच्या आणि माझ्या ओट्यात फरक नाही, असं वाटायला लावणारा हा शब्द आहे. मला तो आवडतो. रात्री नऊला एकटीने जेवताना कुणीतरी 'आपण' म्हणतंय याचा आधार वाटतो.

पण मराठीत हा 'आपण' कुठपर्यंत येतो? चिकन, मटण, सुकट, खेकडे, सगळीकडे येतो. मोठ्याच्या दारात थांबतो. मराठी बोलत ही कढई चढवणारी एकही कृती मला सापडली नाही. म्हणून मी मल्याळम बघते. तिथल्या बाईचं मला काही कळत नाही, पण ती आवाज खाली न आणता, खिडकी उघडी ठेवून खोबऱ्याचे काप घालून बीफ परतते. माझ्या भाषेतल्या खिडक्या बंद आहेत. मीही माझी बंदच ठेवते. खोली घेताना 'नॉनव्हेज चालेल' असं तोंडी ठरलं होतं. कुठलं नॉनव्हेज, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. कुकरच्या वासाला नाव नसतं, एवढ्यावर माझं भाडं चालू आहे.

३. २०१५

'बीफ नूडल्स' या दोन शब्दांची महाराष्ट्रातली गोष्ट सांगायची तर एक वर्ष पुरेसं आहे.

२०१५च्या मार्चमध्ये महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यातली सुधारणा राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर लागू झाली. विधिमंडळाने ती १९९५ सालीच केली होती, वीस वर्षं ती पडून होती. १९७६च्या मूळ कायद्याने गाईच्या कत्तलीवर बंदी होती. आता बैल आणि वळूही त्यात आले. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. म्हैस आणि रेडा बंदीबाहेर राहिले. म्हणजे माझ्या डब्यात आहे ते कायद्याने चालणारं मांस आहे. तरी मी पिशवीवर दुसरी पिशवी चढवते, कारण रस्त्यावर अडवणारा माणूस कायद्याचं कलम वाचून अडवत नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये मॅगीचा नंबर लागला. १९८३ साली भारतात आलेल्या त्या पिवळ्या पुडीवर शिसं जास्त असल्याचा ठपका आला आणि देशभरच्या दुकानांतून ती उचलली गेली. माझ्या घरात त्या महिन्यात खरा शोक होता. आधीच्या बंदीबद्दल घरात कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. या बंदीबद्दल मात्र सगळे बोलत होते, शाळेत, बसमध्ये, टीव्हीवर.

दोन्ही प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयात गेली. नूडल्सना तिथे ऑगस्टमध्येच दिलासा मिळाला, मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत पुन्हा तपासणी झाली आणि नोव्हेंबरमध्ये पुडी परत दुकानात आली. मांसाचा निकाल ६ मे २०१६ला लागला. कत्तलबंदी कायम राहिली. पण राज्याबाहेरून आणलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द झालं. आपल्या घरात काय खायचं हा माणसाच्या खासगीपणाचा भाग आहे, असा त्या निकालाचा आधार होता.

झटपट कृतीत यातलं काही येत नाही, येण्याची अपेक्षाही नाही. पण साहित्य लिहिताना 'बीफ, २५० ग्रॅम' असं लिहिणं महाराष्ट्रात तरी 'कांदे, दोन' लिहिण्यासारखं नाही. निदान कुठल्या जनावराचं, एवढं लिहावं. कृती चुकू नये म्हणूनही आणि वाचणारी अडकू नये म्हणूनही.

४. एक पुस्तक आणि तीन डबे

त्याच २०१५मध्ये तिसरी गोष्ट घडली आणि तिची बातमी फारशी झाली नाही. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' प्रकाशित झालं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग या दोन समाजांचं अन्न या पुस्तकात नोंदलेलं आहे. शीर्षकातल्या एका 'अ'ने ताटावरचा सगळा श्लोक उलटा केला आहे. २०२४ला भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद आला, आणि मग माझ्या ऑफिसातल्या लोकांनीही त्याचं नाव घेतलं. मराठी पुस्तकाची मराठी माणसाला इंग्रजीतून ओळख होणं हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे.

पाटोळे धर्मग्रंथ आणि संतसाहित्य यांतली अन्नाची उतरंड तपासतात, आणि मग सरळ चुलीपाशी येतात. तेल, तूप, दूध नसलेल्या चुलीपाशी. जनावराचा कुठला भाग वाया जात नाही, काय शिजतं, काय वाळतं. मी हिंगोली जिल्ह्यातल्या कनेरगाव नाक्याची. पुस्तक वाचताना माझ्या घरातले, पण घराबाहेर कधी न उच्चारलेले शब्द छापलेले दिसले. चान्या. वजडी. रक्ती. छापलेला शब्द बघून पोट हलतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आणि एक समीक्षकी गोष्टही दिसली. पाकिटातल्या नूडल्सचा विचार करा. त्यात तीन वस्तू असतात: वाळवलेल्या शेवया, मसाल्याची पुडी, आणि महागाच्या पाकिटात वाळवलेलं मांस किंवा भाजी. १९५८ साली जपानमध्ये मोमोफुकु आंदो यांनी हा शोध लावला, असं आपण वाचतो. शोध मोठाच आहे, शिजवलेल्या नूडल्स तेलात तळून त्यातलं पाणी उडवण्याचा. पण त्यामागची कल्पना आमच्या माळवदावर होती. पाणी काढून टाक, म्हणजे वेळ साठवता येतो.

चान्या म्हणजे मांसाच्या लांब पट्ट्या, मीठ-हळद लावून दोरीवर उन्हात वाळवलेल्या. येसूर म्हणजे धान्य, डाळ आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. उकळत्या पाण्यात कालवलं की रस्सा दाट होतो, वाटण नको, खोबरं नको. आणि शेवया, चैत्र-वैशाखात पाटावर वळलेल्या. तीन डबे. कामावरून आलेल्या बाईने चूल पेटवायची, पाणी ठेवायचं आणि अर्ध्या तासात जेवायला वाढायचं. 'वीकनाइट डिनर' हा शब्द नव्हता, पण रानातून सात वाजता परतणाऱ्या बाईचे सातही दिवस वीकनाइटच होते.

हा सिद्धांत मला फार आवडला होता. सुट्टीत मी तो आजीला ऐकवला.

आजी हसली नाही. म्हणाली, "शेवया? गव्हाच्या? गहू कुठं होता माय आमच्याकडं? सणाला यायचा, तेबी मोजून."

मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "अन् चान्या काय हौसेनं वाळवत होतो का? एकदा मिळालं की पुन्हा कधी मिळंल, ठाव नसायचं. नंतर आमी सोडलं ते. बाबासायबांनी सांगितलं म्हणून सोडलं. तू त्याला शोध म्हण नाहीतर काय म्हण."

इथे माझा सिद्धांत आपटला, आणि आपटायलाच हवा होता. १९२७च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं. ते सोडणं हे आजीच्या पिढीसाठी चवीचा प्रश्न नव्हता, मान ताठ करण्याचा होता. तिची दोरी रिकामी झाली ते तिचं यश होतं. आणि आता मी, तिची पगारदार नात, त्या दोरीला 'आमची इन्स्टंट नूडल्सची परंपरा' म्हणून सजवायला निघाले होते. इंटरनेटवर हे सध्या जोरात चालू आहे. आजीची गरिबी 'हेरिटेज' म्हणून वाढायची, वरून कोथिंबीर. मी तेच करत होते.

पाटोळ्यांच्या पुस्तकाचं मोठेपण मला या बाजूने जास्त पटतं. ते या अन्नाची लाज बाळगत नाहीत आणि त्याला आरतीही ओवाळत नाहीत. जे होतं, ते का होतं, हे लिहितात. पण एक तक्रार आहे. नाहीसं होत चाललेलं नोंदवणं हा त्यांचा हेतू आहे, त्यामुळे पुस्तक स्वाभाविकच मागे बघतं. आज रात्री स्वयंपाक करणारी मुलगी त्यात नाही. म्हशीचा पाव किलो खिमा आणि दहा रुपयांची नूडल्सची पुडी हातात घेऊन उभी असलेली, आजीचं जेवण न जेवलेली आणि शेजाऱ्यांचंही न जेवणारी. तिच्यासाठी कुठलंच पुस्तक नाही. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००९ साली दलितांच्या अन्न-आठवणींचं संकलन केलं होतं. त्याचं इंग्रजी शीर्षकच विचारतं की हे ताट भारतीय नाही का. त्यात बायकांचे आवाज आहेत, म्हणून ते मला जवळचं. पण तेही आठवणीचंच ताट आहे.

आमच्याकडे भूतकाळाच्या पाककृती आहेत, वर्तमानाच्या नाहीत. वर्तमानात आम्ही दुसऱ्या भाषांतले व्हिडिओ आवाज बंद करून बघतो.

५. तैवानचा बैल

हे फक्त आपल्याकडचं आहे का? बीफ नूडल्स ज्या बेटाची ओळख झाली आहे त्या तैवानकडे बघा. तिथल्या जुन्या शेतकरी घरांत गोमांस खात नसत, कारण नांगर ओढणाऱ्या जनावराचे उपकार कसे विसरायचे? पोळ्याला बैलापुढे नैवेद्य ठेवणाऱ्या आपल्या माणसाला हे भाषांतराशिवाय कळेल. १९४९नंतर चीनमधून हरलेल्या फौजेबरोबर लाखो लोक त्या बेटावर आले. त्यांनी आपल्या गावाकडची तिखट चव, अमेरिकेच्या मदतीतून येणारा गहू आणि गोमांस एकत्र आणून वाडगा भरला. उपऱ्यांचं खाणं पुढे राष्ट्रीय पदार्थ झालं. तरी आजही तिथे काही घरं, विशेषतः जुनी माणसं, गोमांस खात नाहीत. त्यांना कुणी जबरदस्तीने भरवत नाही आणि ते दुसऱ्याचा वाडगा उलटवत नाहीत.

मी तैवानला गेलेले नाही, आणि लांबून सगळे देश शहाणेच दिसतात. पण एवढं नक्की की एकाच बेटावर 'बैलाचे उपकार' आणि 'बैलाचा रस्सा' शेजारी शेजारी राहू शकतात. माझी आई पोळ्याला बैल बघायला नाक्यावर जाते. तिला त्यात विसंगती वाटत नाही. मलाही नाही.

६. तर आता आपण

कनेरगाव नाका हिंगोली-वाशीम रस्त्यावर आहे. अकोला-पूर्णा लोहमार्गावर त्याच नावाचं स्टेशन आहे, जवळून पैनगंगा वाहते. एकेकाळी अलीकडे निजामाचं राज्य आणि पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड. हद्द गेली, नावात नाका राहिला. नाक्याच्या गावात वाढल्यामुळे असेल, पण कुठली वस्तू कुठे अडते याकडे माझं लक्ष जातं. रेसिपीही एक नाकाच आहे. तिच्यातून काही पदार्थ बिनबोभाट पास होतात. काही बाजूला उभे केले जातात आणि विचारलं जातं, पिशवीत काय आहे?

म्हणून समीक्षेचा शेवट मी एका कृतीने करते. निकष माझेच आहेत, तेव्हा मीही त्यांना उत्तर दिलं पाहिजे.

म्हशीचा खिमा पाव किलो. आधी वेळ कुणी दिला? दुकानदाराने, मशीन धुऊन, आणि मी, ऑफिस सुटल्यावर दोन बस बदलून. कढईत दोन चमचे तेल, बारीक चिरलेला एक कांदा, चमचाभर आलं-लसूण. खिमा टाकून मोठ्या आचेवर पाणी आटेपर्यंत परतायचा, हळद, तिखट, मीठ घालायचं. झाकण ठेवून पंधरा मिनिटं. मग दोन चमचे येसूर. ते आईने पाठवलेलं आहे, तिने चार धान्यं भाजताना दुपार घालवलेली आहे. दोन भांडी पाणी, उकळी. येसूर घातल्यावर ढवळत राहायचं, नाहीतर गुठळ्या होतात. त्यात साध्या नूडल्स, पुडीतला मसाला नको. तीन मिनिटं. लिंबू, कांदा.

एकूण पस्तीस मिनिटं. पंधरा नाहीत.

मागच्या महिन्यात गावी हे करून आजीपुढे ठेवलं. तिने आधी रस्सा चमच्याने चाखला. मग नूडल्सचा धागा बोटाने उचलून बघितला आणि म्हणाली, "येसूर बरोबर पडलंय. हे गांडुळावानी काय ते तुझं तू खा."

तिने रस्सा भाकरीत कुस्करून खाल्ला. मी नूडल्स खाल्ल्या. कढई एकच होती.

त्यादिवशी मी फोन तेलाच्या बाटलीला टेकवून रेकॉर्डिंगही केलं होतं. 'तर आता आपण खिमा घालून घेऊया', मराठीत, आवाज न दाबता. सहा मिनिटांचा व्हिडिओ आहे. मागे आजीचा खोकला आणि दुरून जाणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकू येतो. तो अजून फोनमध्येच आहे. खोलीचा करार मार्चमध्ये संपतो. नवीन खोली घेताना आधीच विचारायचं ठरवलंय, 'मोठ्याचं शिजवलं तर चालेल ना?' जिथे हो म्हणतील तिथे राहायला गेले की व्हिडिओ टाकेन. तोवर कृती वर आहे. करून बघा, आणि येसूर घालताना ढवळायला विसरू नका.